आतली बांगडी

हमीदाभाबी माणसाचा चेहरा नंतर पाहायच्या, आधी हात पाहायच्या. दुकानाच्या फळीसमोर कोणी बाई येऊन उभी राहिली की भाबींची नजर तिच्या मनगटावर जायची, आणि "या, बसा" म्हणेपर्यंत तो हात त्यांच्या हातात आलेला असायचा. अंगठ्याच्या मुळाशी तळव्यावर जो मऊ उंचवटा असतो, तो त्या दाबून पाहायच्या. बोटांची मुळं एकमेकांवर हलकेच चेपायच्या. मग मागे वळूनही न पाहता खणातून बांगड्यांचा डझन काढायच्या. माप कोणालाच विचारायच्या नाहीत. कोणी आपणहून सांगितलंच, तर म्हणायच्या, "तुमी सांगताय ते लग्नातलं माप. आता हात काय म्हनतोय ते बघू."

सई आणि निनाद, तुमची त्यांची भेट झाली नाही. तुम्ही भोरला आलात ते दोन्ही वेळा ऐन लग्नसराईत, आणि त्या दिवसांत हमीदाभाबी दुकानात सापडायच्या नाहीत; वेल्ह्याच्या बाजूला कुठल्या ना कुठल्या लग्नघरी असायच्या. म्हणून त्यांच्याबद्दल मीच सांगते, आणि माझ्या सवयीने क्रमाने सांगते.

माझी भोरच्या पोस्टात बदली झाली तेव्हा तुमचा बाबा चौथीत होता. संक्रांतीच्या आधी मी बांगड्या भरायला गेले. दुकान म्हणजे जेमतेम दोन माणसं बसतील एवढी जागा, भिंतीला खण आणि खणांत लाकडी नळ्यांवर ओवलेल्या बांगड्या. भाबींनी माझा उजवा हात उलटा केला आणि तळव्याच्या कडेला पडलेल्या घट्ट्यावर बोट ठेवलं.

"काय ठोकता वो बाई रोज?"

"शिक्के. पोस्टात आहे मी."

"तरीच. डाव्याला सव्वादोन बसंल. उजव्याला न्हाई बसायची. कामानं वाढलाय हात."

दोन हात दोन मापांचे असतील हे मला पटेना. मी तसं स्पष्ट बोलले. त्यांनी वाद घातला नाही. सव्वादोनची बांगडी उजव्या हातावर चढवायला घेतली, ती अंगठ्याशी येऊन अडली. तशीच मागे घेतली, एक नंबर मोठी चढवली, ती अलगद गेली. आत कोपऱ्यात बसून बांगड्या मोजणारे त्यांचे यजमान, उस्मानचाचा, मान वर न करता म्हणाले, "पोस्टातल्या बाईंना पोच द्या आता." त्या दिवसापासून पस्तीस वर्षं मी दुसऱ्या कोणाकडून बांगड्या भरल्या नाहीत.

त्यांचं काम तुम्हाला नीट कळावं म्हणून थोडं सविस्तर लिहिते. तुम्हाला वाटेल, बांगडी ढकलायची असते. तसं नाही. समोरच्या बाईचा अंगठा तळव्यात दुमडायचा, बोटांची मुळं आवळून हाताची जवळजवळ नळी करायची, आणि त्यावरून काच फिरवत फिरवत न्यायची. भाबी म्हणायच्या, "काच कुनाचं आयकत न्हाई. हाताचीच समजूत घालावी लागती." यात सगळा जोर त्यांच्या अंगठ्याचा आणि पहिल्या दोन बोटांचा, तोही मनगट वाकवून. आमच्याकडच्या डोंगरातल्या बायकांना बांगडी घट्ट लागते. सैल बांगडी भातलावणीत चिखलात अडकते, कळशीवर आपटून फुटते. शिवाय बारीक नंबरात एक हौसही असते. वहिनीला सव्वादोन बसली तर नणंदेला त्याहून बारीक हवी असते. लग्नघरी आधी नवरीचा हिरवा चुडा, एका हातात एक जास्त, आणि मग सासरच्या, माहेरच्या, शेजारच्या अशा साठ-सत्तर बायका ओळीने बसायच्या. सकाळी अकराला बसलेल्या भाबी दिवेलागणीला उठायच्या. चुडा भरून झाला की नवरी बांगड्यांना हळदकुंकू लावून भाबींच्या पाया पडायची. तिच्या डोक्यावर हात ठेवून त्या पुटपुटायच्या. काय ते मी एकदा विचारलं. "काय न्हाई, म्हनते हात चालता राहू दे. बाकी समदं हाताच्या मागनं येतं."

भाबींच्या हाताला यश आहे असं सगळा मुलूख मानायचा. त्यांनी भरलेला चुडा वर्षभर वाढत नाही, म्हणजे फुटत नाही, अशी ख्याती होती. फुटण्याला आपल्याकडे वाढणं म्हणतात, कारण सवाष्णीची बांगडी फुटली असं तोंडाने म्हणू नये. भाबी मुसलमान, पण हा शब्द त्या आमच्यापेक्षा काटेकोरपणे पाळायच्या. खोक्यात वाटेत फुटलेला मालसुद्धा "धा वाढल्या" असाच सांगायच्या.

तुमचे आजोबा गेले त्यानंतरची एक गोष्ट. महिनाभर मी मोकळ्या हातांनी वावरत होते. माझ्या इंग्रजी शिक्षणाला रीतिरिवाजांचं काही वाटत नव्हतं, तरी दुकानाकडे पाय वळत नव्हते. एक दिवस भाबी घरी आल्या. चहा घेतला, हवापाण्याचं बोलल्या, आणि पिशवीतून साध्या, बिननक्षीच्या चार बांगड्या काढल्या. माझा हात ओढून घेतला आणि दोन-दोन भरल्या. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात म्हणाल्या, "कामाचा हात हाय बाई. मोकळा बरा दिसत न्हाई." पुन्हा हा विषय त्यांनी काढला नाही.

आता त्यांच्या दुखण्याकडे येते.

मी निवृत्त झाल्यावर दुपारी त्यांच्या दुकानात जाऊन बसायची. एके दिवशी माझ्या लक्षात आलं की भाबी मधूनच हात झटकतात, ओल्या हाताचं पाणी झटकावं तसा. विचारलं तर म्हणाल्या, "मुंग्या येत्यात. पहाटं तर हात माझा न्हाईच असं वाटतंय. झटकला की येतो परत." कोणत्या बोटांना येतात? अंगठा, त्याच्या शेजारची दोन, आणि चौथ्याला थोड्या. "करंगळी तेवढी इमानदार हाय," त्या हसून म्हणाल्या.

इथे मी चूक केली, आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मी ऐकून घेतलं आणि माझ्या व्यवस्थित स्वभावाप्रमाणे उपाय ठरवून टाकला. हाताची ताकद कमी झाली आहे, ती वाढवायची. मी एक मऊ रबरी चेंडू आणून दिला आणि सांगितलं, सकाळ-संध्याकाळ शंभर वेळा दाबायचा. भाबींनी तो हुकूम इतका प्रामाणिकपणे पाळला की गिऱ्हाईक उठून गेलं की चेंडू हातात. वर मुंग्या थांबाव्यात म्हणून मनगटाला रुमाल आवळून बांधायला लागल्या. दीड-दोन महिन्यांत त्यांच्या हातून चहाची कपबशी दोनदा सुटली. एकदा गरम तव्याला बोट लागलं, ते त्यांना फोड आल्यावर कळलं. मी म्हटलं, चेंडू नेमाने दाबता ना? त्या म्हणाल्या, "दोनशे केलं बाई."

त्या वर्षी विंझरला आमच्या जुन्या पोस्टमनच्या मुलीचं लग्न होतं. मी आणि भाबी एसटीने बरोबरच गेलो. पडवीत सतरंजी, समोर नवरी, मागे बायकांची गर्दी, कोणीतरी म्हणतंय, "भाबी, हिचा हात आईवर गेलाय, दांडगा हाय. बघा बसतीय का." भाबी हसल्या आणि पहिली बांगडी घेतली. ती चढताना तडकली. असं क्वचित होतं, त्यांनी पुढची घेतली. दुसरीही तडकली. तिसरी फुटून तिची काच मुलीच्या हाताला लागली आणि रक्ताचा थेंब आला. नवरीची आजी पुढे आली, भाबींच्या खांद्यावर हात ठेवून अगदी मऊ आवाजात म्हणाली, "भाबी, दमला आसाल. जरा चा घ्या. तोवर आमची यशोदा भरंल चार."

त्या मऊ आवाजानेच जास्त लागलं. भाबी मागे सरकून बसल्या आणि चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून राहिल्या. परतीच्या गाडीत विंझर मागे पडल्यावर बोलल्या.

"हाताचं यश गेलं बाई."

"असं काही नसतं."

"असतं. मला कळतंच न्हाई. पोरीचा हात धरलाय का दोरीचा पीळ धरलाय, कळत न्हाई. काच कुठं आडली त्ये बोटाला समजंना. ज्याला यश हाय त्याला आसं हुईल का?"

त्यानंतर त्यांनी नवऱ्या मुलींना बांगड्या भरणं बंद केलं. दुखतं म्हणून नव्हे. आपल्या हाताने कोणाच्या संसाराला खोट लागू नये म्हणून. लग्नघरची माणसं आली की काहीतरी सबब सांगायच्या. म्हाताऱ्या बायका आणि लहान मुली तेवढ्या घ्यायच्या. डॉक्टरकडे चला म्हटलं तर विचारायच्या, "यशाचा डाक्टर कुठं बसतो?"

हे असं वर्षभर चाललं असतं, पण कोमल आली. वरवे बुद्रुकच्या बाजूला एका लहान कारखान्यात ती काम करायची. दिवसभर हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरने बारके स्क्रू बसवायचे, असं ते काम. चोवीस-पंचवीसची, बोलकी मुलगी. भाबींनी सवयीने तिचा हात घेतला, आणि हात घेतल्याबरोबर कोमलने तो सोडवून दोनदा झटकला.

"थांबा हां चाची, मुंग्या आल्यात."

भाबींनी तिच्याकडे पाहिलं. "पहाटं उठून झटकतीस का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"करंगळीला येत्यात?"

"नाही. ही तीन, आणि ही जराशी." कोमल हसली. "आमच्या टेबलावरच्या चौघीजणींचं असंच आहे. आम्ही म्हणतो, झटक्यांची साथ आली. साहेबांना कोण सांगणार, म्हणतील कामाला ढिल्या आहेत."

भाबींनी तिला बांगड्या भरल्या, एक नंबर सैलच. ती गेल्यावर उरलेल्या बांगड्या त्यांनी परत नळीवर ओवल्या. मग म्हणाल्या, "बाई, माझं यश गेलं म्हनावं, तर ह्या चार पोरींचं कुठलं यश? त्या तर इस्क्रू फिरिवत्यात. इस्क्रूला कसलं आलंय यश?"

मी शिकलेली, आणि हा विचार त्यांनी केला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना आणि कोमलला घेऊन भोरच्या डॉक्टरबाईंकडे गेले.

डॉक्टरबाईंनी प्रथम दोघींना समोरासमोर बसवलं आणि आपापल्या दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मनगटं खाली वाकवून धरायला सांगितली. अर्ध्या मिनिटात दोघींच्याही बोटांत मुंग्या आल्या. मग मनगटाच्या आतल्या बाजूला बोटाने टकटक केलं. कोमलच्या बोटांत झिणझिण्या गेल्या, भाबींना काहीच वाटलं नाही. "करंगळी?" डॉक्टरबाईंनी विचारलं. भाबींनी माझ्याकडे बघून ऐटीत सांगितलं, "ती इमानदार हाय." डॉक्टरबाई म्हणाल्या, "तिचीच साक्ष महत्त्वाची. तिची नस वेगळ्या वाटेने जाते." मग भाबींचे दोन्ही तळवे शेजारी ठेवून त्यांनी दाखवलं: उजव्या अंगठ्याखालचा उंचवटा बसला होता, जणू खालून कोणी माती काढून घेतली होती. हजारो बायकांच्या हातांवर जी जागा भाबी आधी दाबून पाहायच्या, ती स्वतःच्या हातावर त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"कोणी काही व्यायाम सांगितला होता का?"

भाबी छताकडे बघत म्हणाल्या, "आसंच. कुनीतरी चेंडू दिला हुता."

"मी दिला होता," मी म्हटलं.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. तो बंद करा, एवढंच म्हणाल्या. मग कागदावर मनगट काढून समजावलं. मनगटात तळव्याच्या बाजूला एक अरुंद वाट असते. खाली हाडं, वरून एक जाड पट्टा. त्या वाटेने बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या जातात आणि त्यांच्यातूनच एक नस जाते. जोराने आवळायचं, मनगट वाकवून करायचं काम वर्षानुवर्षं केलं की आतलं सगळं सुजतं. वाट काही रुंद होत नाही, म्हणून नस चेपते. सुरुवातीला मुंग्या, मग वस्तू हातून सुटणं, मग स्पर्श जाणं, आणि शेवटी अंगठ्याचा स्नायू बसणं. साखर आणि थायरॉइड यांनीही असं होतं, म्हणून त्यांनी दोघींच्या रक्ताची तपासणीही सांगितली.

भाबी कागदाकडे बघत राहिल्या. "म्हंजी मनगटाच्या आत बी एक बांगडी हाय," त्या म्हणाल्या, "आन् ती आता बारीक नंबराची झालीया."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं."

कोमलची सुरुवात होती. तिला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला, आणि कामात बदल सांगितले: मनगट वाकवून जोर लावायचा नाही, टेबल कोपराच्या उंचीचं हवं, जाड मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, आणि दिवसभर एकच हालचाल करत राहायचं नाही. कारखान्याच्या साहेबांना पत्र मी लिहिलं, माझ्या पद्धतीने, मुद्दे घालून. उत्तर आलं नाही. पण महिन्याभराने कोमल सांगत आली की आता दर दोन तासांनी मुलींची टेबलं बदलतात आणि मुठी जाड आल्या आहेत. तिच्या मुंग्या तीन महिन्यांत थांबल्या. सई, तू दिवसभर लॅपटॉपवर मनगटं टेकवून बसतेस आणि सकाळी उठून हात झटकतेस असं तुझी आई सांगत होती. हे परिच्छेद तू दोनदा वाच आणि तिथल्या डॉक्टरांना हात दाखव. चेंडू दाबू नकोस.

भाबींच्या उजव्या हाताला मात्र ऑपरेशनच सांगितलं. पुण्याला नसांची तपासणी करून आलो. बारीक करंट देऊन नस किती चालते ते बघतात. तिथे भाबींनी तंत्रज्ञ मुलीला म्हटलं, "बेटा, मशीन चालू कर की." मशीन चालूच होतं. ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली. भाबींना उमगलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, मनगटातला तो जाड पट्टा कापून वाट मोकळी करायची. लहान ऑपरेशन आहे, पण आता थांबू नका, उशीर होईल तसा स्पर्श परत यायची आशा कमी होईल. आणि नेमकं इथे भाबी अडून बसल्या. आज नको, उरूस होऊ दे. उरूस झाला, मग सुनेचं बाळंतपण. चार वेळा तारीख टळली. भीती वाटते का विचारलं, तर नाही म्हणायच्या. शेवटी एका दुपारी दुकानात कोणी नसताना मी सरळ विचारलं, कारण काय ते सांगा.

त्या खाली मान घालून म्हणाल्या, "म्याच तिला बांगडी म्हनून बसले ना बाई. आता ती वाढवायची म्हनत्यात. नवरा जिता आस्ताना आपल्या हातची बांगडी आपून हून वाढवायची? पन्नास वर्सं दुसऱ्यांच्या भरल्या. कुनाची वाढली तर लगोलग दुसरी घातली, तिचा हात रिकामा ठिवला न्हाई. आन् ही आतली. तिच्या जागी दुसरी कोन घालनार?"

मला हसू आलं नाही. मनगटातल्या त्या पट्ट्याचं इंग्रजी नाव मला माहीत होतं. त्याचा इथे काही उपयोग नव्हता.

कोपऱ्यात उस्मानचाचा नेहमीप्रमाणे दोऱ्यात डझन बांधत होते. ते उठले आणि फळीशी येऊन बसले. चाचा एरवी फार बोलणारे नव्हते.

"हमीदा, विकायला बसल्यापासनं किती बांगड्या वाढल्या आपल्या दुकानात?"

"आता त्ये काय मोजलंय व्हय?"

"बाजारात, एष्टीत, खोक्यात, तुझ्या हातात. लाख तर झाल्या आसतील. म्या मेलो का?"

"काय बी बोलता."

"न्हाई, सांग की बाईंम्होरं. मेलो का? हितंच बसलोय. लाखानं काय झालं न्हाई, मंग एकीनं काय हुनार हाय?" त्यांनी भाबींचा उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. "आन् ती काचंची न्हाई. ती तुला आवळतीया. जी आवळती तिला तू दुकानात ठिवतीस का? परत करतीस ना?"

भाबींनी डाव्या हाताने पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, "बुधवारची तारीक घ्या बाई. ह्यांचं तोंड बंद तरी हुईल."

ऑपरेशन नीट झालं. हात झटकणं पहिल्याच आठवड्यात थांबलं आणि त्या सलग झोपू लागल्या. डाव्या हातालाही थोडा त्रास होता; त्याला कोमलसारखा पट्टा बांधत होत्या, आणि तो हात ऑपरेशनवाचून सुधारला. पण उजव्या बोटांत स्पर्श येईना. टाके निघाले, दोन महिने झाले, चार झाले. बोटांवर कापूस गुंडाळल्यासारखं वाटतं म्हणायच्या. नस अगदी हळू सुधारते, वर्षही लागेल, आणि अंगठ्याचा जोर पूर्ण येईलच असं नाही, असं डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. पुन्हा बांगड्या भरता येणार नाहीत, हे भाबींनी माझ्याआधी ओळखलं होतं आणि पचवलंही होतं. त्यांची मागणी आता लहान होती. "जोर न्हाई आला तर ऱ्हावू दे बाई. पर कुनाचा हात हातात घेतला, तर माझ्या हाताला कळाया पायजे. तेवढं झालं तरी बास."

मी रोज त्यांची परीक्षा घ्यायचे. डोळे मिटायला सांगून बोटांत कापूस, किल्ली, पोस्टाचं जुनं तिकीट असं काहीबाही द्यायचे. त्या चुकीचं सांगायच्या आणि मला वाईट वाटू नये म्हणून हसायच्या. "नापास का?" असं दरवेळी विचारायच्या. एकदा मी खोटंच पास केलं, ते त्यांना लगेच कळलं. त्यानंतर मी परीक्षा बंद केली.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी दुकान विंझरच्या त्या यशोदेला चालवायला दिलं. मुलगा कराडला असतो, त्याने दोघांना बोलावून घेतलं. निघायच्या आधी आठ दिवस भाबी यशोदेच्या शेजारी बसून होत्या. तिचं मनगट वाकलं की डाव्या हाताने तिच्या कोपराला टोचायच्या. "हात सरळ. घाई न्हाई. दहा बायका झाल्या की ऊठ, पानी पी, हात मोकळा कर. आन् कुनी बारीक नंबर मागितला तर माझं नाव सांगून एक मोठा घाल." यशोदा म्हणाली, "गिऱ्हाईक रागावंल भाबी." भाबी म्हणाल्या, "रागावू दे. गिऱ्हाईक काय रोज येतंय? हात रोज लागतो."

त्यांना निरोप द्यायला मी सकाळी एसटी स्टँडवर गेले. थंडी होती आणि घाईत मी शाल घरी विसरले होते. चाचा सामान घेऊन आधीच गाडीत चढले आणि खिडकीजवळची जागा धरून बसले. भाबी पायरीपर्यंत गेल्या, परत वळल्या, आणि बोलायला काही सुचलं नाही म्हणून असेल, त्यांनी उजव्या हाताने माझा हात धरला. मुक्कामाला पोचल्यावर फोन करा, औषधं वरच्या पिशवीत ठेवली आहेत, असं काहीतरी मी सांगत होते. त्या ऐकत नव्हत्या. माझ्या हाताकडे बघत होत्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "हात लई गार पडलाय तुमचा."

त्यांनी माझा दुसरा हात घेतला, उजव्याच हाताच्या तीन बोटांत धरला आणि डोळे मिटून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"ह्यो बी," त्या म्हणाल्या, "ह्यो बी गारच हाय." कंडक्टरने दोनदा घंटी दिली, तरी सोडेनात.